हिरवा वर, निळा खाली

कोपरखैरण्याच्या सह्यसागर सोसायटीत मधुकर साळसकरांना सगळे 'साहेब' म्हणत आणि त्यात वावगं काही नव्हतं. तेहतीस वर्षं त्यांनी परराष्ट्र खात्यात काढली होती. सहा देशांतल्या भारतीय वकिलातींत त्यांची बदली झाली आणि सहाही देशांशी आपले संबंध पुढे सुधारले. साहेब तिथे गेल्यामुळे सुधारले की तिथून निघाल्यामुळे, हा प्रश्न त्यांच्या पत्नीने, वैशालीताईंनी, आयुष्यात एकदाच विचारला होता. त्या दिवशी साहेब जेवले नव्हते.

राजदूत होण्याची त्यांची कधी अपेक्षाच नव्हती. ते शिष्टाचाराच्या कामातले. पाहुण्याने कुठल्या दाराने यायचं, कुणाच्या उजव्या हाताला बसायचं, गाडीवरचा झेंडा कुठे फडकवायचा आणि कुठे गुंडाळायचा, हे साहेब ठरवत. येऊन बसण्याचं काम राजदूत करी. तो मोठी परीक्षा पास होऊन आलेला असे, त्यामुळे त्याचा हेवा करण्यात अर्थ नव्हता. हेवा करायला माणूस आपल्या मापाचा लागतो, जवळ राहणारा लागतो, आणि शक्यतो आपल्यापेक्षा कमी शिकलेला लागतो.

तळमजल्यावरचे हौसेराव जगदाळे या तिन्ही अटींत बसत होते.

हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे, खटाव तालुक्यातले. वडिलांनी वाशीच्या मार्केटात पाठीवरून गोण्या वाहिल्या, आणि त्याच मार्केटच्या कांदा-बटाटा बाजारात आता मुलाचा स्वतःचा गाळा होता. गेली बारा वर्षं ते किरांबाला कांदा पाठवत होते. किरांबा हे हिंदी महासागरातलं बेट; नकाशात दाखवायला बोट ठेवावं तर बोटाखाली पूर्ण झाकलं जाणारं. तिथे लवंग पिकते, मासळी उदंड, पण कांदा उगवत नाही, आणि कांद्यावाचून तिथली चूल पेटत नाही. एका वर्षी आपल्याकडे निर्यातबंदी आली. बाकीच्या व्यापाऱ्यांनी किरांबाचे फोन उचलणं बंद केलं. हौसेराव मात्र कांदा नाही हे सांगायला दर सोमवारी स्वतःहून फोन करत राहिले. बंदी उठली तेव्हा किरांबाला वाटलं, या देशात आपला एक माणूस आहे.

त्यातून जानेवारीत सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली. श्री. हौसेराव जगदाळे यांची किरांबा प्रजासत्ताकाचे मानद वाणिज्यदूत म्हणून नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. साहेबांनी ती दोनदा वाचली. मग खिशातली पेन्सिल काढून 'मानद' या शब्दाखाली बारीकशी रेघ मारली आणि ते जिन्याने वर गेले. लिफ्ट चालू होती.

या रागाला कारण होतं. सहा देशांपैकी एक किरांबाच. शहाण्णव ते नव्याण्णव साहेब तिथल्या भारतीय वकिलातीत होते. शोकेसमध्ये त्या देशाचा वीतभर झेंडा पितळी दांडीला लावून ठेवलेला होता, हिरवा पट्टा वर आणि निळा खाली. आणि निवृत्तीनंतर त्यांनी याच मानद पदासाठी किरांबाच्या दिल्लीतल्या दूतावासाला तीन वेळा अर्ज केला होता, सुंदर इंग्रजीत, सगळी जोडपत्रं लावून. एकदा आभाराचं पत्र आलं. हे फक्त वैशालीताईंना माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे त्या सहसा दाखवत नसत.

"त्यांना तुमच्या प्रोटोकॉलचं लोणचं घालायचं होतं का?" असं त्या कधीतरी साहेबांना म्हणाल्या होत्या. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने लग्नातल्या मानपानात साहेबांचं ऐकलं नव्हतं, त्यावरून ते होतं; साहेबांनी ते किरांबाबद्दल समजून घेतलं.

पुढचे चार महिने त्यांना फार जड गेले. गाळ्याच्या वरच्या खोलीत दूतावासाची शाखा उघडली. दाराला पितळी पाटी लागली. साहेबांना पाटीचा आकार नियमापेक्षा मोठा वाटला, पण नियम काढून पाहिला तर तसा नियमच नव्हता, याचंही त्यांना वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे ते कार्यालय चालायला लागलं. किरांबाची पोरं नेरूळला शिकायला होती. त्यांच्यापैकी एकीचा पासपोर्ट हरवला तर हौसेराव स्वतः तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसले. किरांबाची एक म्हातारी खारघरला ऑपरेशनला आली तर शालनवहिनी, म्हणजे हौसेरावांच्या पत्नी, सतरा दिवस डबा पाठवत होत्या. म्हातारी परत गेली आणि तिने तिथल्या रेडिओवर भारतीय ज्वारीच्या भाकरीबद्दल वीस मिनिटं भाषण केलं म्हणे. नंतर तिथल्या सरकारने भारतीय बोटींना बंदरात थांबण्याचं शुल्क कमी केलं.

साहेबांनी किरांबात तीन वर्षांत काय केलं होतं? खिडकी दहा ते बारा उघडी ठेवली होती. अर्ज तीन प्रतींत घेतले होते. चौथी प्रत मागायची सुधारणा त्यांचीच. शुल्क मात्र कुणी कमी केलं नव्हतं.

"फोन उचलतात ना ते," वैशालीताई एकदा भाजी निवडताना म्हणाल्या.

"फोन उचलणं म्हणजे परराष्ट्रसंबंध नव्हेत," साहेब म्हणाले.

"मग काय असतं ते?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मग वर्तमानपत्र उघडलं.

मे महिन्यात बातमी आली की किरांबाचे दिल्लीतले राजदूत, सलूम नावाचे, स्वतः वाशीला येणार. हौसेरावांची चार महिन्यांची नेमणूक तात्पुरती होती. आता राजदूत पाच वर्षांचं नियुक्तिपत्र आपल्या हाताने देणार. त्याच संध्याकाळी हौसेराव तिसऱ्या मजल्यावर आले. हातात हापूसची पेटी होती. साहेबांना आंबा आवडतो हे त्यांनी कुठून काढलं कोण जाणे.

"काका, तुमी त्या देशात राहून आलाय," ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय? त्या दिवशी तुमी नुसते शेजारी उभे ऱ्हावा. म्हणजे मला टेन्शन न्हाई."

साहेबांनी डायरी पाहिली. ती कोरी होती. जमवतो, असं ते म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नऊला ते गाळ्यावर पोचले. खाली हमाल, तराजू, गोण्या, वर दूतावास. खोली नीट लावलेली होती, खुर्च्यांना पांढरी कापडं, टेबलावर शाल, श्रीफळ आणि समईच्या शेजारी पाण्याच्या बाटल्या. टेबलामागच्या भिंतीवर दिल्लीहून आलेला झेंडा चार कोपऱ्यांच्या चार खिळ्यांना अडकवला होता. साहेबांची नजर त्यावर गेली आणि त्यांच्या छातीत काहीतरी गोड हललं.

निळा वर होता. हिरवा खाली.

उलटा झेंडा. राजदूताच्या स्वागताला, दूतावासाच्या भिंतीवर. साहेबांनी तेहतीस वर्षांत अशी चूक एकदाही होऊ दिली नव्हती, आणि दुसऱ्याच्या हातून होताना पाहण्याचं भाग्यही त्यांना लाभलं नव्हतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. हौसेराव जिन्यात फुलवाल्याशी बोलत होते. आता हाक मारून सांगितलं असतं तर दोन मिनिटांत झेंडा सरळ झाला असता. 'बरं झालं काका, तुमी होता म्हणून,' असं हौसेराव म्हणाले असते, आणि पुढची पाच वर्षं ते वाणिज्यदूत राहिले असते.

साहेब खुर्चीवर बसून पाणी प्यायले.

आणखी तासाभरात त्यांचा बेत पुरता शिजला. राजदूत येतील. खोलीत पाऊल टाकतील. झेंडा पाहतील. त्यांच्या कपाळावर आठी पडेल. आणि नेमक्या त्या क्षणी, आठी पडते न पडते तोच, मधुकर साळसकर पुढे होऊन, माफी मागून, आपल्या हाताने तो झेंडा सरळ करतील. दिल्लीत तीन अर्ज पडून असतील. कुणीतरी ते काढून वाचेल. ते इतके खूश झाले की त्यांनी हौसेरावांच्या टोपीचा कोन स्वतः नीट करून दिला.

सव्वाअकराला राजदूत सलूम आले. साठीचा, सडपातळ, शांत माणूस. बरोबर एक सचिव, तोच फोटो काढणारा. शालनवहिनींनी दारात ओवाळलं. त्यांनी डोळे मिटून ओवाळून घेतलं आणि कुंकू लावताना कपाळ जरा खाली केलं. मग खोलीत आले, भिंतीकडे पाहिलं आणि प्रसन्न हसले.

आठी पडली नाही. साहेबांना वाटलं, सभ्यपणा म्हणून गिळली असेल. त्यांनी वाट पाहिली. हौसेरावांनी शाल उघडली. आता उशीर केला तर हा माणूस शाल घालून, पत्र घेऊन मोकळा होईल, हे साहेबांच्या लक्षात आलं.

"महामहिम," ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "एका अक्षम्य चुकीबद्दल मी क्षमा मागतो आणि ती दुरुस्त करण्याची परवानगी घेतो."

परवानगी कुणी दिली नव्हती. साहेबांनी कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं, अडुसष्टाव्या वर्षी त्यावर चढले, चारही खिळ्यांवरून झेंडा काढला, फिरवला आणि पुन्हा अडकवला. हिरवा वर, निळा खाली. मग खाली उतरून किंचित झुकले.

सचिवाने कॅमेरा खाली केला. राजदूतांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो परत घातला नाही.

"हा झेंडा," ते हळू म्हणाले, "चौदा वर्षांपूर्वी आम्ही उतरवला. हुकूमशहाचा होता. त्याच्याखाली माझा मोठा भाऊ सहा वर्षं तुरुंगात होता. लोकांचं सरकार आलं तेव्हा आम्ही समुद्र वर घेतला." त्यांनी भिंतीकडे पाहायचं टाळलं. आमच्या कायद्याने कुठल्याही कार्यालयात हा झेंडा लागला तर लावणाऱ्याचं नाव राजधानीला कळवावं लागतं, असं ते पुढे म्हणाले, आणि असं म्हणताना त्यांना बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं.

शोकेसमधला झेंडा साहेबांनी नव्याण्णवपासून रोज पुसला होता. तो बदलला असेल असं एकदाही त्यांच्या मनात आलं नाही. देश बदलतात हे त्यांना माहीत होतं, पण आपण सोडल्यानंतर एखादा देश काही करत असेल यावर त्यांचा मनापासून विश्वास नव्हता.

सचिवाने वही काढली. कुणी लावला, त्याने विचारलं. सगळ्यांच्या देखत लावला होता, तरी विचारावं लागतं.

"मी लावला," हौसेराव म्हणाले.

सचिव गोंधळला. त्याने साहेबांकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. हौसेराव पुढे झाले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि राजदूतांच्या उजव्या हातावर पसरून त्याखाली आपला हात घातला.

मार्केटात सौदा करायची ही जुनी रीत. दोघे कापडाखाली एकमेकांची बोटं दाबतात. किती बोटं, त्यावरून आकडा कळतो. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी बोली दोघांतच राहते. आता फारसं कुणी करत नाही. साहेब मनात म्हणाले, संपलं. राजदूताचा हात धरणं हेच आधी शिष्टाचारात बसत नाही, त्यावर टॉवेल टाकला तर प्रश्नच मिटला.

राजदूतांचा चेहरा आधी कोरा होता. मग भुवया वर गेल्या. मग त्यांचा खांदा हलला, म्हणजे त्यांनीही काहीतरी दाबलं असावं. किरांबाच्या लवंगेच्या बाजारात हीच रीत होती आणि राजदूतांचे वडील लवंगेचे व्यापारी होते, हे त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. हौसेरावांनाही नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की अडलेल्या सौद्यात तोंड बंद आणि हात चालू ठेवावा. दोन मिनिटं टॉवेल हलत राहिला. राजदूत एकदा मान नाही अशी हलवून, शेवटी हो अशी हलवून, हसले. टॉवेल बाजूला झाला. ते स्वतः स्टुलावर चढले आणि झेंडा फिरवला. मग टेबलाशी बसून त्यांनी नियुक्तिपत्रावर पेनाने काही खोडलं, काही लिहिलं, सही केली. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं झालं.

त्यानंतरचे तीन दिवस साहेबांना झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं. आपली फजिती झाली यापेक्षा टॉवेलाखाली काय ठरलं हे आपल्याला माहीत नाही, हे जास्त टोचत होतं. तेहतीस वर्षं त्यांनी बंद दाराआडच्या बैठकींची निवेदनं टाईप केली होती, 'उभयपक्षी सौहार्दपूर्ण वातावरणात चर्चा झाली'. दाराआड काय झालं हे त्यांना कधी कळलं नव्हतं आणि त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं. पण दाराआड दोन बडे अधिकारी असणं वेगळं आणि टॉवेलाखाली तळमजला असणं वेगळं.

चौथ्या दिवशी दुपारी हौसेराव नियुक्तिपत्र घेऊन वर आले. राजधानीला पाठवायचा खुलासा इंग्रजीत लिहायचा होता. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार, असं म्हणाले, आणि ते टोमणा मारत नव्हते, ही त्यांची सर्वांत वाईट सवय होती.

साहेबांनी पत्र पाहिलं. पाच वर्षांतला 'पाच' खोडून वर 'दोन' लिहिलं होतं.

"त्यांनी एक बोट दाबलं," हौसेराव म्हणाले. "मी पाच. म्हटलं, सुरुवात तर पाचानं करावी. दोनावर जमलं. नाव माझं जाणार, शिक्षा म्हणून मुदत कमी, आणि त्यांचा कायदा बी ऱ्हायला." मग जरा थांबून ते म्हणाले, "काका, तुमची पेन्शन सरकारी. दुसऱ्या देशाच्या कागदावर तुमचं नाव कशाला? आन् दोन वर्षांनी ही जागा मोकळी होतीय. तवा तुमी घ्या."

ते गेल्यावर साहेब टेबलाशी बसले. स्वयंपाकघरातून वैशालीताईंनी विचारलं, काय म्हणत होते. साहेबांनी सांगितलं. त्यांनी फक्त मिक्सर बंद केला, आणि ते बोलण्याहून वाईट होतं.

त्यांनी खुलासा लिहायला घेतला. 'मानद वाणिज्यदूत हौसेराव जगदाळे यांच्या अज्ञानातून घडलेल्या प्रमादाबद्दल ते अत्यंत दिलगीर आहेत.' ओळ चांगली जमली होती. त्यांनी ती वाचली आणि 'अत्यंत' खोडलं. या माणसाला अत्यंत कशाला. पुन्हा वाचली. तरी काहीतरी खुपत होतं. पद त्याला मिळालं ते मिळालं. आभाराचे फोन, म्हातारीचं भाषण, बंदराचं शुल्क, तेही त्यालाच. आणि आता चूक साळसकरांची, तर मोठेपणा जगदाळ्यांचा? आपल्या स्वतःच्या चुकीतूनसुद्धा हाच माणूस उजळून निघणार? उद्या मार्केटात सांगत सुटतील, हौसेरावाने शेजाऱ्यासाठी तीन वर्षं सोडली. दोन वर्षांनी आपण त्या खुर्चीत बसलो तर म्हणतील, त्याने दिली म्हणून बसला.

साहेबांनी कागद फाडला. नवा घेतला. त्यावर त्यांनी लिहिलं की ध्वज श्री. जगदाळे यांनी बरोबर लावला होता. तो चुकीचा आहे असं समजून मी, मधुकर साळसकर, निवृत्त सेक्शन ऑफिसर, तो सर्वांसमक्ष उलटा केला. मी सकाळी नऊपासून तो पाहत होतो आणि मुद्दाम गप्प बसलो होतो, कारण मला ते पद हवं होतं. या शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. पण साहेबांनी कधी अर्धवट मसुदा पाठवला नव्हता. सही करून, हौसेरावांना न दाखवता, त्यांनी ते पत्र दिल्लीच्या दूतावासाच्या पत्त्यावर, वाशीच्या टपाल कार्यालयात जाऊन स्वतः रजिस्टर केलं.

अडीच आठवड्यांनी दिल्लीहून दोन लिफाफे आले. साहेबांनी आपला उघडला. राजदूत सलूमांनी लिहिलं होतं की अशी कबुली आपल्या कारकिर्दीत त्यांनी पाहिली नव्हती; ती त्यांनी किरांबाच्या परराष्ट्र मंत्रालयाला फोनवर मोठ्याने वाचून दाखवली आणि भावालाही पाठवली. हौसेरावांची मुदत पुन्हा पाच वर्षं केली होती. पदावर नसलेल्या माणसाने तो झेंडा लावला तर कायद्याप्रमाणे त्याला किरांबाचं कुठलंही पद कधीच देता येत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. पण किरांबाला कधी आलात तर माझ्या घरी उतरा, माझा भाऊ तुम्हाला भेटू इच्छितो.

साहेबांनी शोकेसमधला झेंडा काढून कपाटाच्या खणात ठेवला. रिकामी पितळी दांडी तेवढी राहिली.

संध्याकाळी दार वाजलं. हौसेराव उभे होते, हातात आपलं पत्र. पाच वर्षं परत मिळालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

"काका, तुमाला कुणी सांगितलं होतं खरं लिवायला?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. हौसेराव आत आले आणि सांगत राहिले. त्यांनी शेजाऱ्याची चूक अंगावर घेतली हे मार्केटात सगळ्यांना कळलं होतं. माथाडी सलाम करायला लागले होते. वीस वर्षं ज्यांनी जावयाला धड बस म्हटलं नव्हतं, त्या सासऱ्यांनी खटावहून फोन करून सांगितलं होतं की जावई असावा तर असा. आणि आजपासून सगळीकडे एकच चर्चा, तुमच्या सोसायटीतले ते साळसकर, काय सच्चा माणूस. राजदूतांनी फोनवर हौसेरावांशी बोलताना पंधरा मिनिटं साहेबांचीच विचारपूस केली होती.

"माझं बरं चाललं होतं की," हौसेराव म्हणाले.

मग त्यांनी साहेबांना आलेलं पत्र पाहायला मागितलं. साहेबांनी दिलं. हौसेरावांना ते इंग्रजी फारसं वाचता येत नव्हतं. ते ओळी मोजत होते हे साहेबांच्या लक्षात आलं. मोजून झाल्यावर त्यांनी आपलं पत्र शेजारी धरलं.

"तुमाला हातानं लिवलंय," ते म्हणाले. "मला टाईप केलेलं."

"असतं तसं," साहेब म्हणाले. "शिष्टाचारात."

आणि त्यांनी आत हाक मारून वैशालीताईंना सांगितलं की पाहुण्यांसाठी चहा टाक, जगदाळे जरा बसणार आहेत.